सकाळी दहाला तिंतो

स्पॅनिशच्या दोन परीक्षा झाल्या होत्या, क्रियापदं पाठ होती, पण समोरून कोणी भराभर बोलायला लागलं की माझी बोबडी वळायची. म्हणून 'यो सोय बेटी, ला फेआ' ही १९९९ ते २००१ या काळात चाललेली कोलंबियन मालिका लावली. आपली 'जस्सी जैसी कोई नहीं' हिच्यावरूनच बेतलेली. गोष्ट ठाऊक, त्यामुळे सगळं लक्ष बोलण्याकडे.

पहिला महिना इंग्रजी सबटायटल्सने खाल्ला. डोळे वाचतात, कान झोपा काढतात. मग स्पॅनिश सबटायटल्स लावली. रोज एकच प्रसंग, तीनदा: वाचत, न वाचता, आणि शेवटी पात्राबरोबर मोठ्याने बोलत.

हळूहळू कान कोलंबियन झाला, वही भरू लागली. 'नो दार पापाया', म्हणजे पपई देऊ नये. गर्दीत मोबाइल मिरवत चालणं म्हणजे चोराला पपई देणंच! काही मागायचं तर 'मे रेगाला...', शब्दशः 'मला भेट देता का', पैसे मोजून घ्यायचं असलं तरी. 'के पेना कोन उस्तेद' म्हणजे माफ करा हं. पुस्तकात 'उस्तेद' परक्यांसाठी आणि 'तू' म्हणजे चक्क आपलाच तू. बोगोटात मात्र जिवलग मित्र, नवरा-बायकोही एकमेकांना सर्रास उस्तेद म्हणतात. बाबांना जन्मभर 'अहो' म्हणणाऱ्या आईच्या घरात वाढले, मला त्यात काही खटकलं नाही.

पुढे ऑफिसच्या कामाने माद्रिदला गेले. सकाळी दहाला ऐटीत म्हटलं, 'मे रेगाला उन तिंतो?' कोलंबियात तिंतो म्हणजे काळी कॉफी. वेटरने चेहऱ्यावरची रेषही न हलवता रेड वाईनचा ग्लास आणून ठेवला. मी ओशाळून 'के पेना कोन उस्तेद' म्हणाले. तिकडे 'के पेना' म्हणजे 'अरेरे, किती वाईट'! तो बिचारा माझ्याकडे अशा काळजीने बघायला लागला की मी मुकाट्याने दोन घोट घेतले.

परतल्यावर स्पेनची मालिका शोधली. तिथे दर दुसऱ्या वाक्याला 'वाले', म्हणजे 'बरं, ठीक'. व चा उच्चार मात्र ब. आई शेजारी भाजी निवडत बसली होती.

"काय गं, हे सगळे एकमेकांना बाळे का म्हणतात?"