भिंतीवरची रेघ

पूर ओसरला की त्याची पातळी मोजायच्या आमच्या कामाला फार थोडा वेळ उरतो. लोक घरं धुवायला घेतात, घ्यायलाच हवीत, पण त्या धुण्यात पाणी कुठवर आलं होतं ती रेघही निघून जाते. म्हणून 27 जुलै 2024 ला, शनिवारी सकाळी साडेसातलाच आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पोचलो होतो. मी, उंची मोजायचं लेव्हल मशीन आणि स्टाफ, म्हणजे आकडे कोरलेली मोजपट्टी, धरायला आमचा मदतनीस. 25 तारखेच्या पहाटे इथल्या तळमजल्यांत मुठा नदीचं पाणी शिरलं होतं आणि लोकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं होतं. सगळ्या गल्लीत खोऱ्याने गाळ ओढल्याचा आवाज चालू होता.

पुराची खूण शोधायचीही एक रीत आहे. फ्रिजवरची रेघ घ्यायची नाही, कारण फ्रिज तरंगतो. पडद्यावरची घ्यायची नाही, कापड पाणी वर ओढून घेतं. नदीकडे तोंड करून असलेल्या भिंतीवर पाणी आपटून चढतं, तिथली खूण खरी पातळी सांगत नाही. आतली, शांत खोलीतली, पक्क्या भिंतीवरची चिखलाची सरळ रेघ सापडली की तिथे पेन्सिलीने खूण करायची, स्टाफ लावायचा, आकडा वहीत. दहापर्यंत आम्ही आठ घरं केली होती. पहिल्या दोन घरांनंतर मी आकडे नुसते लिहीत गेले, माणसांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

नवव्या घरात एक काकू होत्या, सत्तरीच्या. ओल्या गाद्या जिन्याच्या कठड्यावर टाकलेल्या. त्यांनी माझं काम थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, यंदाची मोजताय तशी मागची पण मोजा की." बाहेरच्या जिन्याजवळ त्यांच्या मिस्टरांनी ऑइलपेंटने एक आडवी रेघ मारून ठेवली होती. 2019 ची. ती तिसऱ्या पायरीच्या जरा वर होती. यंदाची रेघ त्याच भिंतीवर खिडकीच्या चौकटीपर्यंत गेलेली.

मी स्टाफ दोनदा लावायला सांगितला. ऑगस्ट 2019 मध्ये वरच्या खडकवासला धरणातून 45 हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला 45 हजार घनफुटांच्या वर पाणी सोडलं होतं. यंदा त्या पहाटे 35 हजारांच्या आसपास. पाणी कमी आणि रेघ वर, असं कसं?

खडकवासल्याच्या खाली मुठेची निळी पूररेषा आखताना 60 हजार क्युसेकचा पूर धरलाय आणि लाल रेषेसाठी 1 लाख. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. या हिशेबाने 35 हजारांना इतकं पाणी चढायलाच नको होतं. अर्थात धरणाचा आकडा म्हणजे सगळी नदी नव्हे, हे मला माहीत आहे. त्या रात्री धरणाच्या खालीही तुफान पाऊस होता, आणि ओढ्या-नाल्यांचं पाणी विसर्गाच्या आकड्यात येत नाही. शिवाय पूर्वी टेकडीवरचा पाऊस गवतात, मातीत, शेताच्या बांधाला अडत अडत खाली यायचा. आता तोच पाऊस गच्चीवरून पाइपात, पाइपातून डांबरावर आणि तिथून थेट नदीत. सगळीकडचं पाणी एकाच वेळी येऊन पोचतं. पण तेवढ्याने माझं समाधान होईना.

दुपारी आम्ही इमारतींच्या मागे, काठावर गेलो. पुराने काठ सरळ कापून काढला होता, विहिरीच्या भिंतीसारखा, आणि त्यात थर दिसत होते. तळाला काळपट पोयटा, नदीचा स्वतःचा. त्याच्यावर विटांचे तुकडे, टाइल्स, गजासकट काँक्रीटची ढेकळं, सिमेंटची रिकामी पोती, एक फुटका कमोड. त्यावर मुरूम टाकून सपाट केलेलं, आणि मुरमावर गवत. वरून पाहणाऱ्याला तो नदीचा काठच वाटला असता. मी खालच्या पोयट्यापासून वरच्या गवतापर्यंत स्टाफ लावला. भरावाची उंची माझ्या डोक्याच्या वर गेली.

पूररेषा आखताना नदीचे आडवे छेद घेतात. पात्र इथे किती रुंद, तिथे किती खोल, यावरून अमुक पाणी आलं तर पातळी कुठे जाईल ते काढतात. नंतर त्याच पात्रात कोणी रात्री ट्रॉल्या रिकाम्या करत गेलं तर पाण्याला जायची वाट अरुंद होते आणि नदी वर चढते. नकाशावरची रेषा मात्र जिथल्या तिथे राहते. आणि त्या रेषेवर विश्वास ठेवून लोक आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतात.

तिथे उभं असताना मला आमचं बाथरूम आठवलं. तीन वर्षांपूर्वी नवं केलं तेव्हा जुन्या टाइल्स आणि विटांच्या गोण्या खाली ठेवल्या, ट्रॅक्टरवाल्याला गोणीमागे पैसे दिले आणि तो घेऊन गेला. कुठे नेतोस, हे मी विचारलं नव्हतं. नदीचे छेद मोजणं हेच माझं काम असून विचारलं नव्हतं. त्या काठात मी बराच वेळ आमच्या निळ्या टाइल्स शोधत होते. सापडल्या नाहीत, पण इतरांच्या शेकडो होत्या.

काठाचे सहा छेद आम्ही त्या दिवशी जास्तीचे घेतले, ते आमच्या कामाच्या यादीत नव्हते. भरावाचे फोटो, प्रत्येक थराची उंची, सगळं अहवालाला जोडलं. वरिष्ठांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, यांच्याशिवाय रेघांचा अर्थ लागत नाही. त्यांनी राहू दिलं.

निघताना काकूंनी आम्हाला थांबवून चहा दिला. शेजारच्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅसवर केलेला. त्या इथे राहायला आल्या तेव्हा मागे भाजीचे मळे होते म्हणाल्या. "पाणी मळ्यात यायचं, दोन दिवस थांबायचं, जायचं. घरात नाही हो यायचं." मी मार्करने यंदाच्या रेघेवर तारीख लिहून दिली आणि माझा नंबरही दिला.

4 ऑगस्टला पुन्हा 35 हजार क्युसेकच्या घरात विसर्ग झाला. सकाळी काकूंचा फोन आला. "ताई, पाणी जिन्याला लागलंय. तुमच्या रेघेच्या बरंच खाली आहे अजून." मी म्हटलं, काकू, रेघेचं राहू दे, तुम्ही वर गेलात का?

"वरूनच बघतेय," त्या म्हणाल्या, "पण गाद्या परत खालीच राहिल्या."