आमची वाटचाल : आठ वॅट आणि कपाटाएवढी पेटी

आमच्या दुकानावर अजून 'रेडिओ दुरुस्ती' अशीच पाटी आहे. बाबांनी रंगवून घेतलेली, म्हणून काढवत नाही. आत मात्र भुसा उडत असतो. कुणी जुना रेडिओ घेऊन आलं तर परत पाठवत नाही, पण पोट चालतं ते स्पीकरच्या लाकडी पेट्यांवर. अ‍ॅम्प्लिफायर करायला निघालेली माणसं सुतारकामात कशी अडकली, ते सांगतो.

बाबा मिरजेत व्हॉल्व्हचे, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचे, रेडिओ दुरुस्त करायचे. मर्फी, बुश, फिलिप्स. ट्रान्झिस्टर आला आणि ते काम हळूहळू आटलं, पण माळ्यावर व्हॉल्व्हची एक ट्रंक राहिली. त्यात बंगळुरूच्या बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) कंपनीचे, खोक्यातून न काढलेले ईएल-८४ जातीचे व्हॉल्व्ह होते. धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक्स शिकून आला तेव्हा आम्ही त्यातले दोन काढले, एका बाजूला एक असे बसवले आणि जेमतेम पाच वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर केला. बाबांकडे एक जुना सिनेमाचा स्पीकर पडून होता, पंधरा इंची. त्यावर लावला. पाच वॅटमध्ये गल्ली जागी झाली. आम्हाला वाटलं, करामत आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची. पुढची दोन वर्षं आम्ही याच गैरसमजावर धंदा केला.

मिरजेत डॉक्टर फार. पहिलं मोठं गिऱ्हाईकही डॉक्टरच. त्यांच्यासाठी ३००बी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर केला. हा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३०च्या दशकातला व्हॉल्व्ह. एकट्याने चालवला की साधारण आठ वॅट देतो आणि माणसाचा आवाज असा काढतो की बोलून सोय नाही. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन. "अहो, आवाज जरा वाढवला की बुवांचा घसा बसतोय." आम्ही व्हॉल्व्ह बदलले. कपॅसिटर बदलले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोनदा गुंडाळून घेतला. घसा बसलेलाच. शेवटी भाऊ वैतागून त्यांचे स्पीकरच उचलून घेऊन आला आणि मोजत बसला.

शेल्फवर बसणारे देखणे परदेशी स्पीकर. माहितीपत्रकावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या विजेत एक मीटरवर किती आवाज होतो ते, ८८ डीबी (डेसिबल). खाली बारीक अक्षरांत : २.८३ व्होल्टवर. आठ ओहम अडथळ्याच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की एक वॅट होतो. हे स्पीकर चार ओहमचे, म्हणजे त्यांना दोन वॅट दिलेले. एका वॅटचा हिशेब करायचा तर तीन डीबी वजा. उरले ८५. खोटं कुणी बोललेलं नाही, पण आमचा दोन महिन्यांचा नफा त्या बारीक अक्षरांत गेला.

हा हिशेब आता आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाबरोबर देतो. दर तीन डीबीला ताकद दुप्पट लागते, दहा डीबीला दहापट. ८५ डीबीच्या स्पीकरला आमचे सगळे आठ वॅट ओतले तर एक मीटरवर ९४ डीबी मिळतात. ९७ डीबीच्या स्पीकरला त्याच ९४ साठी अर्धा वॅट पुरतो. मैफलीत सरासरी आवाज बेताचाच असतो, पण तबल्याची थाप किंवा समेवरचा जोर क्षणभर पंधरा-वीस डीबी वर उडी मारतो, आणि घसा बसतो तो तिथे. डॉक्टरांना त्यांच्या स्पीकरवर ९७ डीबीवाल्याची बरोबरी करायची, तर सव्वाशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लागला असता. भाऊ म्हणाला, "दादा, आपण चुकीची वस्तू विकतोय."

आणखी एक आकडा ऐकून लोक हबकतात. ९२ डीबीचा स्पीकर दिलेल्या विजेच्या सुमारे एक टक्का आवाज करतो, बाकीची नुसती उष्णता. ८५ डीबीवाला हजारातले दोन भाग. माझी बायको म्हणते, याच्यापेक्षा सरकारी योजना बऱ्या.

मग आता सगळे स्पीकर असे का? कारण माणसाला घरात पेटी लहान हवी असते. व्हॉल्व्हच्या जमान्यात वॅट महाग होते, म्हणून स्पीकर मोठे आणि कार्यक्षम असत. पॉल क्लिप्श या अमेरिकन गृहस्थांनी १९४६ साली घराच्या कोपऱ्यात बसणारा भोंगा विकायला काढला, खोलीच्या भिंतीच ज्याचा पुढचा भाग होतात. तो आजही बनतो आणि शंभर डीबीच्या वर जातो. आपल्या फ्लॅटमध्ये मात्र दोन मोकळे कोपरे शोधून दाखवा, एकात दार असतं आणि दुसऱ्यात शोकेस. पुढे १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेतच छोटी, पूर्ण बंद पेटी बाजारात आणली. आतल्या कोंडलेल्या हवेचीच स्प्रिंग, आणि बेस थेट खालपर्यंत. बदल्यात सेन्सिटिव्हिटी गेली. ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाल्यावर तेही कुणाला खटकेना. क्लॉस यांच्या पुढच्या कंपनीतले भागीदार हॉफमन यांच्या नावाने या धंद्यात एक नियमच आहे : लहान पेटी, खोल बेस आणि कार्यक्षमता यांतल्या दोनच गोष्टी मागा. कार्यक्षमता तशीच ठेवून बेस ८० हर्ट्झवरून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा लहान तितका स्वर खालचा) ४० वर न्यायचा, तर पेटी आठपट लागते. साठ लिटरची चारशे ऐंशी. तो स्पीकर राहत नाही, धान्याची कोठी होते.

तर असे आम्ही सुतारकामात आलो. कुपवाडच्या एका सुतारमामांना हाताशी धरलं. ते स्वयंपाकघराची कपाटं करायचे. पहिली पेटी त्यांनी इतकी सुबक केली की आत आधाराच्या पट्ट्याच घातल्या नाहीत. दिसायला सुंदर, वाजायला ढोल. दुसरी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, केली. ती रत्नागिरीला गेली आणि एका पावसाळ्यात तळाला पुरीसारखी फुगली. त्याच घरात स्पीकरच्या कडेचा फोमही दोन वर्षांत हाताला लागून गळायला लागला. तेव्हापासून १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि कडेला कापडी घड्या असलेले कागदी कोनचे ड्रायव्हर (पेटीत बसणारे मूळ स्पीकर), याखेरीज काही वापरत नाही. अशा ड्रायव्हरची सेन्सिटिव्हिटी मुळातच जास्त असते आणि कोकणात टिकतातही तेच.

सध्याची आमची पेटी नव्वद लिटरची. बारा इंची ड्रायव्हर, वर भोंग्याचा ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर), एकूण ९६-९७ डीबी. ट्विटर एकटा १०७ देतो, त्याला रेझिस्टर लावून खाली आणावं लागतं. बेस प्रामाणिकपणे सांगायचा तर ६० हर्ट्झपर्यंत.

डीबी जुळले की झालं, असं मात्र नाही. फीडबॅक (बाहेर पडलेला सिग्नल परत आत देऊन चूक सुधारणं) नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचाच अडीचेक ओहम अडथळा असतो. समोरच्या स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे स्वरागणिक बदलणारा विजेचा अडथळा, कुठे सहा ओहम आणि कुठे चाळीस असा हेलकावे खात असेल, तर चाळीसच्या जागी आवाज अडीच डीबीने फुगतो. नेमका तो उंचवटा बेसमध्ये असतो, मग डग्गा प्रत्येक ठेक्याला "मी, मी" करतो. एका गिऱ्हाइकाने ९५ डीबीचे स्पीकर स्वतः निवडून आणले होते, सगळं वाचून, आणि हाच घोटाळा झाला. म्हणून आम्ही स्पीकर घेताना आधी इम्पिडन्सची रेघ मागतो. जी कंपनी ती दाखवत नाही तिच्या वाटेला जात नाही.

आता सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या बेसचा वेगळा स्पीकर. हा विषय निघाला की भावाचं आणि माझं भांडण ठरलेलं. त्याचं म्हणणं, सगळ्यांना द्यावा. माझं म्हणणं, आधी विचारा की ऐकता काय. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या बुवांचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, त्यांच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९. म्हणजे आमच्या पेटीत तानपुरा अख्खा मावतो. काळी चारच्या गायिकेचा खर्ज तर १०४ वर. नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकणाऱ्याला मी सबवूफर विकत नाही. बेस गिटार ४१ हर्ट्झपर्यंत उतरते, आणि सिनेमाचे स्फोट त्याच्याही खाली. ती मंडळी आली की भाऊ जिंकतो.

आणि तिथे हॉफमनची अडचणही सुटते. ७० हर्ट्झच्या खालचं काम वेगळ्या, बंद, लहान पेटीला द्यायचं. ती अकार्यक्षम असली तरी बिघडत नाही, तिच्या पोटात क्लास-डी या ट्रान्झिस्टरच्या प्रकारातले तीनशे स्वस्त वॅट बसवलेले असतात. आठ मौल्यवान वॅट मग वरच्या स्वरांना मोकळे. सबवूफरला सिग्नल आम्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरूनच देतो. तिकडून जवळजवळ करंट खेचला जात नाही, म्हणून व्हॉल्व्हला ओझं कळत नाही. मात्र काळी वायर नेमकी शून्याच्या टर्मिनलला जायला हवी आणि ते टर्मिनल अर्थला जोडलेलं हवं. एकदा आमच्याकडून ते राहिलं, तेव्हा इचलकरंजीतल्या एका बंगल्यात रात्रभर यंत्रमागासारखी घरघर. तिथे यंत्रमागाची सवय असल्यामुळे मालकांनी दोन दिवस फोनच केला नाही.

खालचा बेस मुख्य अ‍ॅम्प्लिफायरकडून काढूनही घेता येतो. इनपुट १०० किलोओहम असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मालिकेत घातला की ७२ हर्ट्झच्या खाली उतार सुरू होतो. काही रुपयांचा भाग. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरचा ताण इतका कमी होतो की ऐकणारा विचारतो, व्हॉल्व्ह बदलले का? फक्त सबवूफरचा सिग्नल आता या कपॅसिटरच्या आधीच्या ठिकाणाहून घ्यायचा, नाहीतर त्याचाही बेस पळतो. आम्ही पहिल्यांदा हेच विसरलो होतो.

सबवूफर ठेवायचा कुठे, याला आमच्याकडे एकच पद्धत. तो सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, बेस लावायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे बेस साफ आणि सारखा ऐकू येईल तिथे त्याची कायमची जागा. साठीच्या प्राध्यापकांना त्यांच्याच दिवाणखान्यात रांगायला लावणं हे विक्रीतलं सर्वांत अवघड काम आहे. नातवंडं असली की सोपं जातं.

पेटी पक्की करताना मीटरवर लागली तरी शेवटचा शिक्का मागच्या गल्लीतल्या चाचांचा. मिरजेचे तानपुरे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बनतात. या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमची नव्वद लिटरची पेटी पहिल्यांदा वाजली तेव्हा ते दारातच उभे राहिले. आत आलेच नाहीत. म्हणाले, "खर्ज हाय. पण जवारी जरा जास्तच बोलतीया. कुणाचा तानपुरा हाय हा?" जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेची झंकारणारी गुंज. मी म्हटलं, "चाचा, रेकॉर्डिंगमधला तुमचाच आहे." त्यांनी मान हलवली. "मग तुमची पेटी चुकतीया." मीटर सपाट रेघ दाखवत होता. आम्ही ट्विटर एक डीबीने उतरवला. चाचा आत येऊन बसले, आणि तो रेझिस्टर अजून तसाच आहे.

आज आम्ही चौघं आहोत, सुतारमामा धरून. परदेशातून मराठी मंडळींची विचारणा येते, पण पंचेचाळीस किलोची पेटी विमानाने पाठवायची तर भाडंच जास्त होतं. त्यांना आम्ही पेटीचा नकाशा आणि क्रॉसओव्हर (ड्रायव्हर आणि ट्विटरमध्ये स्वर वाटून देणारं सर्किट) पाठवतो, प्लाय त्यांनी तिकडे कापून घ्यायचा.

सध्या टेबलावर सांगलीच्या एका निवृत्त मास्तरांचं काम आहे. त्यांना ४५ नंबरचा व्हॉल्व्ह हवा, दोन वॅटसुद्धा धड न देणारा. त्याला शंभर डीबीच्या आसपासचा भोंगाच लागेल, म्हणजे पेटी दीड मीटर उंच. मास्तर तयार आहेत. मापं मागच्या सोमवारी पाठवली. काकूंनी फक्त एवढंच विचारलंय, की देवघर मग कुठे हलवायचं.