पाणी तुटतंय का?

मंगळवार, रात्री साडेदहा

आज विमानावर रंगाचा एक थेंब उडवला नाही, तरी पाठ भरून आलीय. लोहगावला सकाळपासून रिपरिप. हँगरमधला ओलाव्याचा काटा काही खाली येईना. पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरला (रंग घट्ट करणाऱ्या रसायनाला) दमट हवा सोसत नाही. चकाकी मरते, बुडबुडे धरतात, की परत सगळं घासा. म्हणून पंखाचा पत्राच तयार करत बसलो.

जुना रंग कालच उतरवला होता. आज स्कॉच-ब्राइटने घासलं, धुतलं आणि वरून पाणी सोडलं. पाण्याचा पापुद्रा पत्र्यावर सलग टिकायला हवा. डाव्या पंखाला रिव्हेटच्या रांगेशी तो तुटला, थेंब गोळा झाले. म्हणजे तिथे तेलकटपणा उरलाय. परत धुतलं. तिसऱ्या खेपेला पाणी सलग पसरलं. मग तोंडाला मास्क, हातात मोजे (क्रोमियमशी हलगर्जी नको) आणि अलोडाइन, म्हणजे प्रायमरआधी पत्र्याला लावायचं क्रोमियमचं रसायन. थोड्याच वेळात ॲल्युमिनियमवर मधासारखी सोनेरी झाक चढते. उद्या ती प्रायमरखाली जाईल, पण मला पूर्ण रंगलेल्या विमानापेक्षा हीच जास्त आवडते.

मामाचं नाना पेठेत गॅरेज होतं. सुट्टीत तिथेच मी पॉलिश पेपर धरायला शिकलो. गाडीला पोचा आला की लांबी (पुट्टी) भरायची, गिऱ्हाईक खूश. इथे पोचा दिसला तर काम थांबवून आधी इंजिनिअरला दाखवायचा.

दुपारी नव्या पोराने पत्र्यावर पेन्सिलने खूण केली. मी ओरडलोच. "पुसतो की, दादा," म्हणाला. पण ग्रॅफाइटचा कण राहिला आणि ओल लागली, तर तिथे ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आवाज जरा जास्तच चढला माझा. नंतर चहाला शेजारी बसवून त्याला १९९६ सालची पेरूची गोष्ट सांगितली. बोईंग ७५७ धुताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर, टेप लावली आणि काढायची राहिली. रात्रीच्या उड्डाणात उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसत राहिले. विमान समुद्रात गेलं. ७० माणसं. पोराने चहा तसाच ठेवला.

संध्याकाळी निघताना बघतो, तर त्याने फळ्यावर आमच्या विमानाला लावलेल्या टेपचा हिशोब लिहिला होता : लाल पट्ट्या, ६. मी विमानाला फेरी मारून मोजल्या. सहाच होत्या.