१८७६ चा बेसबॉल नागपूरच्या मैदानावर आखायचा तर

व्यावसायिक बेसबॉलच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल कितीही वाचलं तरी नियमांतले फूट आणि इंच डोक्यात राहत नाहीत. तेच नियम घेऊन रेशीमबागेच्या मैदानावर फक्की मारली की प्रत्येक आकड्यामागचं कारण दिसायला लागतं. आपल्याकडे क्रिकेट घरोघरी आहे आणि शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल खेळणारी मुलं-मुलीही आहेत. एवढ्या भांडवलावर जुन्या नियमांचा एक सामना नक्की उभा राहतो.

वर्ष १८७६ चं घ्यावं. त्या वर्षी २ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची स्पर्धा स्थापन झाली, आणि खेळ अजून अर्धा जुना होता: पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, खालून हात फिरवून टाकायचा, क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी झेल घ्यायचे, बॅटर आपल्याला हवा तो चेंडू मागून घ्यायचा. त्याआधीची वर्षं घेतली तर नियम फार सैल आहेत. १८८४ नंतरची घेतली तर खेळ जवळपास आजचाच वाटतो.

आधी आखणी. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर, हे १८५७ मध्ये ठरलं आणि आजही तेच आहे. होम बेसच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागी खुंटी ठोका. मैदानाच्या मध्याकडे सरळ ३८.८० मीटरवर दुसरी खुंटी, तो सेकंड बेस. आता दोन्ही खुंट्यांपासून २७.४३ मीटरचे कंस काढा. उजवीकडे ते जिथे छेदतात तो फर्स्ट बेस, डावीकडचा थर्ड. काटकोन मोजत बसायची गरज नाही. मात्र नायलॉनची दोरी वापरू नका. एवढ्या लांबीवर ती ताणली जाते, दोन्ही कंस सारखे येत नाहीत आणि चौकोन तिरका होतो. फायबरची टेप घ्या. बेस म्हणजे कॅनव्हासच्या, भुसा भरलेल्या पिशव्या. त्या खुंटीवर मधोमध ठेवायच्या, कारण फर्स्ट आणि थर्डच्या पिशव्या रेषेच्या आत घेण्याचा नियम १८८७ चा आहे.

पिचरसाठी उंचवटा नाही आणि रबरी पट्टीही नाही. त्याला एक चौकट असते, बाजू ६ फुटांची, म्हणजे १.८३ मीटर. तिची पुढची रेषा होम बेसपासून ४५ फुटांवर, १३.७२ मीटर. इथे थांबून क्रिकेटची खेळपट्टी आठवा: २२ यार्ड, २०.१२ मीटर. सॉफ्टबॉलमध्ये पुरुषांचं अंतर ४६ फूट असतं, म्हणून आपल्या सॉफ्टबॉलपटूंना ही चौकट ओळखीची वाटेल. पिचरने चौकटीतच राहायचं आणि चेंडू सोडताना हात कंबरेच्या खालूनच यायला हवा. मनगटाचा झटका देण्याची मुभा १८७२ पासून होती, आणि त्यामुळेच वळणारा चेंडू कायदेशीर झाला.

पुढे हे अंतर वाढत गेलं त्याला कारण पिचरच. हात आधी खांद्यापर्यंत वर आला, १८८४ मध्ये नॅशनल लीगने वरून टाकायलाही परवानगी दिली, आणि बॅटरला चेंडू दिसायलाच वेळ उरेना. १८८१ मध्ये चौकटीची पुढची रेषा ५० फुटांवर गेली. १८९३ मध्ये चौकट जाऊन रबरी पट्टी आली, ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटर. अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की त्या वर्षी अंतर साडेदहा फुटांनी वाढलं. ते खरं नाही. १८८७ पासून पिचरचा मागचा पाय चौकटीच्या मागच्या रेषेवर असणं बंधनकारक होतं आणि ती रेषा ५५ फूट ६ इंचांवर होती. खरी वाढ ५ फुटांची. मोजणी पुढच्या रेषेपासून होते की मागच्या, हे न पाहिल्यामुळे ही चूक पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

चेंडूसाठी मेहनत घ्यावी लागते. वजन ५ ते सव्वापाच औंस, म्हणजे साधारण १४२ ते १४९ ग्रॅम. घेर ९ ते सव्वानऊ इंच. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका आणि किंचित मोठा. मध्ये जास्तीत जास्त एक औंस, सुमारे २८ ग्रॅम रबर, त्यावर लोकरीचा धागा आणि वर चामडं. त्या काळातल्या एका प्रकारच्या चेंडूचं चामडं एकाच तुकड्यातून कापायचे. चार पाकळ्यांत सोललेल्या संत्र्याची साल परत मिटावी तसं ते गोळ्यावर बसतं आणि पाकळ्यांच्या कडा शिवल्या जातात. आपल्याला हाच प्रकार सोपा, कारण आठच्या आकड्यासारखे दोन तुकडे कापून जुळवायला साचा लागतो.

लोकर ताणून गुंडाळा आणि दर आठ-दहा वेढ्यांनंतर गोळा फिरवा. दिशा बदलली नाही तर चेंडू अंडाकृती होतो आणि टप्पा कुठेही जातो. मधूनमधून वजन करा. १२० ग्रॅमच्या आसपास थांबून चामडं तोलून पाहा, नाहीतर शेवटी जड चेंडू हातात येतो. चामडं ओलसर असताना, पण ओलं गच्च नसताना शिवायचं. फार ओलं असेल तर सुकताना आकसून टाके फाडतं, कोरडं असेल तर पाकळ्यांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. आणि असा एकच चेंडू सामनाभर पुरवायचा. हरवला तर आधी पाच मिनिटं शोधायचा. तीन-चार डावांत तो मऊ आणि काळपट होतो, नंतर कितीही जोरात मारला तरी फार लांब जात नाही. त्या काळच्या संघांचा भर जमिनीलगत मारण्यावर आणि पळण्यावर का होता, हे असा चेंडू शेवटच्या डावांत मारून पाहिल्यावर पटतं.

बॅट गोल, जाडी अडीच इंचांपेक्षा जास्त नाही, लांबी ४२ इंचांपर्यंत. लेथवर करून घेताना लाकडाच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ धावताहेत हे बघून घ्या. तिरक्या रेषेची बॅट मुठीजवळ तुटते आणि तुकडा पिचरच्या दिशेने उडतो. पिचर १३ मीटरवर आहे, हे विसरू नका.

बॅटर आधी अंपायरला सांगतो: उंच, खालचा की कसाही. उंच म्हणजे कंबर ते खांदा, खालचा म्हणजे कंबरेपासून जमिनीवर एक फुटापर्यंत. त्या पट्ट्यात आला नाही तर चेंडू वाईट. पण प्रत्येक वाईट चेंडू मोजत नाहीत. दर तिसऱ्या वाईट चेंडूला अंपायर एकदा 'बॉल' पुकारतो, आणि असे तीन झाले की बॅटर चालत फर्स्ट बेसवर. हिशेबाने नऊ चेंडू. पुढे ही संख्या वर-खाली होत १८८९ मध्ये चारवर येऊन थांबली. उंच-खालचा मागायची सोय १८८७ मध्ये गेली.

क्रिकेटवाल्यांना सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. होम बेसपासून फर्स्ट आणि थर्डकडे जाणाऱ्या दोन रेषांच्या आत चेंडूचा पहिला टप्पा पडला तर तो वैध, मग तो लगेच फिरकून बाहेर गेला तरी. बॅट वरून खाली आणून चेंडू होम बेसपाशीच असा आपटायचा की तो आत टप्पा घेऊन थेट बाहेरच्या गर्दीकडे पळेल. शिकागोचा रॉस बार्न्स यात तरबेज होता. १८७६ मध्ये त्याची सरासरी (बॅटिंगच्या दर संधीमागे यशस्वी फटके) .४२९ होती. १८७७ मध्ये नियम बदलला, चेंडूने फर्स्ट किंवा थर्ड बेस ओलांडेपर्यंत आत राहणं सक्तीचं झालं, आणि बार्न्सची सरासरी .२७२ वर आली. सगळा दोष नियमाला देणं मात्र बरोबर नाही. त्या वर्षी तो तापाने आजारी होता आणि फार थोडे सामने खेळला. आपल्याकडे काळी माती तडकलेली असताना हा फटका चालत नाही, टप्प्याचा भरवसा नसतो. पावसाळा संपून मैदान सुकल्यावरचे पहिले काही आठवडे त्यासाठी उत्तम.

बाहेर गेलेला चेंडू एका टप्प्यावर पकडला तरी बॅटर बाद. स्ट्राइक म्हणजे बॅटरने हुकवलेला किंवा सोडलेला चांगला चेंडू; तिसरा स्ट्राइकही कॅचरने, म्हणजे बॅटरमागच्या खेळाडूने, टप्प्यावर घेतला तर बॅटर बाद. म्हणून कॅचर बरंच मागे उभा राहतो आणि धावपटू बेसवर आला की पुढे सरकतो. उघड्या हातांनी झेल घेताना बोटं चेंडूकडे रोखायची नाहीत. तळवे वर किंवा खाली, आणि चेंडू येताना हात मागे न्यायचे. बोटाचा सांधा निखळतो तो बोटं समोर धरल्यामुळे. जाळीचा मुखवटा हार्वर्डच्या फ्रेड थेयरने तयार केला आणि १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, त्यामुळे तुमच्या कॅचरला मुखवटा दिला तर इतिहासापासून फक्त एक-दोन वर्षं दूर गेल्यासारखं होईल. मुलांच्या सामन्यात तो द्याच.

कॅचरचं काम किती जिवावरचं होतं हे सांगताना मोझेस फ्लीटवूड वॉकरचं नाव घ्यायलाच हवं. १८८४ मध्ये टोलेडोकडून अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला हा कृष्णवर्णीय कॅचर हातमोज्याच्या जमान्याआधीचा. त्याच्या खेळात खोट नव्हती. काही वर्षांतच क्लबांनी आपसांत ठरवून कृष्णवर्णीयांना दार बंद केलं, आणि मोठ्या लीगमध्ये ते १९४७ पर्यंत बंद राहिलं. हा अन्याय नियमपुस्तकात कुठे छापलेला नव्हता, म्हणूनच तो नियमांइतकाच नीट सांगितला पाहिजे.

पैशाची बाजू थोडक्यात. उघडपणे सगळ्यांना पगार देणारा पहिला संघ म्हणजे १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. कर्णधार हॅरी राइट मूळचा इंग्लंडच्या शेफिल्डचा, क्रिकेटचा व्यावसायिक खेळाडू. त्याला १२०० डॉलर, त्याचा भाऊ जॉर्ज, शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्डमधला क्षेत्ररक्षक, याला १४०० डॉलर. संघ त्या वर्षी हरला नाही, तरी सगळा खर्च वजा जाता हिशेबात १ डॉलर ३९ सेंट उरले असं सांगतात. १४ जून १८७० ला ब्रुकलिनच्या अटलांटिक्सनी त्यांना ११ डावांत ८-७ असं हरवलं, प्रेक्षक घटले, आणि वर्षअखेर क्लबने पगारी संघ बंद केला. १८७१ च्या पहिल्या व्यावसायिक संघटनेत प्रवेश फी फक्त १० डॉलर होती, त्यामुळे कुणीही यायचं आणि दूरचा दौरा परवडला नाही की सामने अर्धवट सोडायचं. शिकागोच्या विल्यम हल्बर्टने नॅशनल लीग काढली ती यावर उपाय म्हणून: वार्षिक १०० डॉलर, मोठी शहरंच, तिकीट ५० सेंट. पहिल्याच वर्षी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया पश्चिमेचा दौरा टाळून बसले, तर त्यांना काढून टाकलं. एवढी मोठी शहरं सोडायला धाडस लागतं, आणि माझ्या मते लीग टिकली ती याच निर्णयामुळे.

त्याच लीगने १८७९ मध्ये खेळाडूंना बांधूनही टाकलं. प्रत्येक क्लबने पाच जण राखून ठेवायचे, त्यांना दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. आयपीएलमध्ये 'रिटेन' केलेल्या खेळाडूला निदान रक्कम मिळते आणि पुढे लिलावही असतो. इथे दरवर्षी तोच क्लब, तो देईल तो पगार. यावरूनच जॉन माँटगोमेरी वॉर्डच्या पुढाकाराने १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीग उभारली. ती एकच वर्ष चालली.

सामना लावताना पिचर एकच ठेवा. सेंट लुईसच्या जॉर्ज ब्रॅडलीने १८७६ मध्ये संघाच्या ६४ ही सामन्यांत निकालाची जबाबदारी एकट्याने उचलली होती. अंपायरही एकच. स्कोअररला मात्र जोडीदार द्या. धावफलकाचा तक्ता बेसबॉलमध्ये रुजवला तो इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, क्रिकेटचं वार्तांकन केलेल्या हेन्री चॅडविकने. स्ट्राइकआउटसाठी 'के' हे अक्षर त्याचंच. रकाने असे आखा: धावा, फटके, बाद केले, बाद करायला मदत, चुका. उघड्या हातांच्या खेळात त्या काळी निम्म्याहून जास्त धावा क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे व्हायच्या, तेव्हा शेवटचा रकाना बाकीच्यांच्या दुप्पट रुंद ठेवा.