आमची वाटचाल: आठवड्याच्या अपडेटपासून सहा आठवड्यांच्या अपडेटपर्यंत

आम्ही मोबाइल अॅप्स आणि गेम्स बनवणारी छोटी टीम आहोत. सुरुवात दर आठवड्याच्या अपडेटने झाली. आता नवं अॅप आलं की पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी आणि पुढे दर सहा आठवड्यांनी, अशी घडी बसली आहे. क्रॅशची दुरुस्ती या वेळापत्रकात धरत नाही. ती तयार होईल त्या दिवशी जाते.

आठवड्याचा वेग सोडावा लागतो तो वाटपामुळे. अॅपलच्या अॅप स्टोअरवर टप्प्याटप्प्याचं वाटप, म्हणजे अपडेट थोड्याथोड्या वापरकर्त्यांना देत जाणं, सात दिवस चालतं: १, २, ५, १०, २०, ५० आणि शेवटी १०० टक्के. एक अपडेट सगळ्यांपर्यंत पोचतं न पोचतं तोच दुसरं निघालेलं असतं. शिवाय पहिले टप्पे छोट्या अॅपला फारसे उपयोगी नाहीत. वापरकर्ते दोन हजार असतील तर एक टक्का म्हणजे वीस जण. दोनशेत एकाला होणारा क्रॅश त्यांच्यात बहुधा दिसणारच नाही. गूगल प्लेवर टक्का आपण ठरवतो, म्हणून तिथे थेट २० टक्क्यांनी सुरुवात करावी, तीन दिवस थांबावं, मग १००. सोडायचं सोमवारी किंवा मंगळवारी, म्हणजे ते तीन दिवस कामाच्या दिवसांत येतात.

वाटप थांबवता येतं, पण ज्या फोनवर नवी आवृत्ती पोचली तिथून ती परत काढून घेता येत नाही. जुनाच कोड वाढीव व्हर्जन कोड (आवृत्तीचा क्रमांक) देऊन पुन्हा पाठवावा लागतो. गेम्सची खरी अडचण इथे आहे. नव्या आवृत्तीने सेव्ह फाइल (खेळाडूची प्रगती साठवणारी फाइल) नव्या रचनेत लिहिली असेल तर जुन्या कोडला ती वाचता येत नाही आणि खेळाडूची कित्येक महिन्यांची प्रगती शून्यावर येते. एखादा क्रॅश लोक माफ करतात. हे करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

म्हणून सेव्हची रचना बदलायला दोन अपडेट्स लागतात. पहिल्या अपडेटला जुनी आणि नवी दोन्ही रचना वाचता यावी, पण लिहावी जुनीच. सहा आठवड्यांनी येणाऱ्या दुसऱ्यापासून नवी रचना लिहायची. मधल्या काळात एकाच खात्यावर फोन आणि टॅबलेट वापरणाऱ्यांची दोन्ही उपकरणं बहुतेक अपडेट झालेली असतात. लिहिताना आधी तात्पुरती फाइल, ती नीट वाचता आली की तिला मूळ नाव, आणि मागची प्रत तशीच राखायची. प्रत्येक जुन्या आवृत्तीची एकेक खरी सेव्ह फाइल जपून ठेवा. तिसऱ्या आवृत्तीवरून एकदम नवव्यावर उडी मारणारे वापरकर्ते असतातच, आणि ती उडी प्रत्येक वेळी तपासून बघावी लागते.

काही तारखा आपल्या हातात नसतात. गूगल प्ले दरवर्षी टार्गेट एपीआयची, म्हणजे अॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलं आहे त्या आकड्याची, अट वाढवतं. २०२५ मध्ये ३१ ऑगस्टपासून अपडेट्सना एपीआय ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, बंधनकारक झालं. हा बदल जूनमध्ये, वेगळ्या अपडेटमध्ये एकटाच पाठवावा. नुसता आकडा बदलला तरी वागणूक बदलते: ३५ वर अॅप पडद्याच्या कडेपर्यंत पसरतं आणि खालची बटणं नेव्हिगेशन पट्टीखाली जातात. त्याच अपडेटमध्ये नवी लेव्हल घातली तर तक्रार कशामुळे आली ते शोधण्यात वेळ जातो. प्लेच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात: वापरकर्त्याला जाणवणारे क्रॅश १.०९ टक्के, अॅप गोठण्याचं प्रमाण ०.४७ टक्के. त्यापलीकडे गेलं की स्टोअरमध्ये अॅप कमी दिसू लागतं. अॅपलही तीन वर्षं अपडेट नसलेल्या, फारशी डाउनलोड्स नसलेल्या अॅप्सना काढून टाकण्याची नोटीस देतं.

ज्या गेममध्ये आता नवं काही घालायचं नाही, त्यालाही वर्षाला दोन अपडेट्स द्यावीत: एक टार्गेट एपीआयसाठी, दुसरं जाहिराती आणि पेमेंटच्या लायब्ररींसाठी (अॅपमध्ये वापरलेल्या तयार कोडसाठी).