दुकानाचं डोमेन स्वतःच्या नावावर घेताना

सोलापुरातल्या आमच्या चादर-टॉवेलच्या दुकानासाठी डॉट इन डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, मी स्वतः घेतलं. वेबसाइट बनवणारे ‘डोमेनसकट सगळं करून देतो’ म्हणतात. ते सोयीचं वाटतं, पण खातं त्यांचं असेल तर नावाचा ताबाही त्यांच्याकडेच राहतो. पुढे माणूस बदलायचा झाला की अडचण तिथेच येते.

नाव निवडताना स्पेलिंग बघा. सोलापूर कोणी ‘एस-ओ’ने लिहितं, कोणी जुन्या पद्धतीने ‘एस-एच-ओ’ने, चादरीतही ‘डी’ कधी एक, कधी दोन. नाव फोनवर सांगून समोरच्याला टाइप करायला लावा. एका दमात बरोबर उतरत नसेल तर दुसरं शोधा. अक्षरं, अंक आणि हायफन चालतात, मर्यादा ६३ चिन्हांची. पण हायफन सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही आणि मधलाही बोलताना हमखास राहतो. पैसे भरण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर तेच नाव शोधून घ्या.

डॉट इन नावांची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते, विक्री तिच्या मान्यताप्राप्त रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपन्यांकडून होते. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. त्यावर १८ टक्के जीएसटी. दुकानाचा जीएसटी नंबर बिलावर घालून घेतला. कार्टमध्ये होस्टिंग (साइट ठेवायची जागा), ईमेल, एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) यांवर आधीच टिक केलेली असेल तर काढून टाका. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं एसएसएल फुकट मिळतं.

खरी काळजी रजिस्ट्रंटच्या, म्हणजे नावाच्या मालकाच्या, रकान्यांत घ्यायची. नाव केवायसीच्या कागदांशी जुळेल असंच लिहायचं, मोबाइल मालकाचा द्यायचा. ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा कधीच देऊ नका: डोमेन बंद पडलं की मेलही बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे? पडताळणीचा मेल लगेच उघडा. डॉट कॉम घेतलं असेल आणि १५ दिवसांत उत्तर गेलं नाही, तर नाव निलंबित होऊ शकतं.

वेबसाइटवाल्याला लॉगिन देऊ नये. त्याच्याकडून सर्व्हरचा आयपी पत्ता (आकड्यांतला पत्ता) मागून ए रेकॉर्ड, म्हणजे नाव त्या पत्त्याशी जोडणारी नोंद, मी स्वतः भरला. त्याने नेमसर्व्हरच (या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलायला सांगितले, तर आधी सगळे एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारे) आणि टीएक्सटी (मेलची खात्री पटवण्यासारख्या कामांचे) रेकॉर्ड उतरवून ठेवा. नव्या जागी ते नसतील तर साइट नीट दिसते, पण ऑर्डरचे मेल येणं थांबतं आणि ते लवकर लक्षातही येत नाही. एखादा रेकॉर्ड बदलायचा असेल तर आदल्या दिवशी त्याचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणला की चूक पटकन दुरुस्त होते.

ट्रान्सफर लॉक (नाव दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप) आणि टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर दुसरी खातरजमा) चालू ठेवा. ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायचा गुप्त कोड, कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ऑटो-रिन्यूवर (आपोआप नूतनीकरणावर) विसंबू नका, कार्डाची मुदत संपली की पैसे कटत नाहीत. डॉट कॉमची मुदत उलटून रजिस्ट्रारने नाव काढलं, तर ३० दिवस ते जबर दंड भरून परत मिळतं. नंतरच्या ५ दिवसांत काहीच करता येत नाही, मग ते कोणालाही घेता येतं.