परातीचं वजन

सोमवार, रात्री

दुपारी वाडीच्या मावशी गव्हाचा डबा घेऊन आल्या. राहायला आमच्याच गल्लीत, पण नृसिंहवाडीची पौर्णिमा कधी चुकवत नाहीत, म्हणून गिरणीत त्यांचं नाव तेच पडलंय. काट्याकडं बघत म्हणाल्या, "काय ओ वहिनी, गहू वाटेत फुगला का काय? वाण्यानं पाच किलो दिला, तुमच्यात पाच किलो साडेतीनशे भरतोय."

"वाण्याचा काटा तपासा एकदा," मी म्हणाले. म्हणाले कसली, फेकलंच तोंडावर. मागं सहा डबे थांबलेले, ज्वारीनंतर गहू लावायचा होता, त्यात एकाचा राजगिरा. राजगिरा म्हटलं की गिरणी उघडून, ब्रश मारून, कण न् कण झाडून घ्यावी लागते. उपासाच्या पिठात गव्हाचा कण गेला तर समोरच्याचा उपास मोडतो, आणि तो माझ्या हातून मोडू नये एवढं मी जपते. मावशी काही न बोलता बत्तीस रुपये ठेवून गेल्या.

संध्याकाळी पट्टा उतरवला, खाली सांडलेलं पीठ झाडून घंगाळात भरलं. सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं, आता पिठाच्या पुटानं पांढरंफटक झालंय. म्हशीवाला आठवड्यातून एकदा ते पीठ घेऊन जातो. मग सहज, अगदी सहज, रिकामी परात काट्यावर ठेवली.

0.350.

प्लास्टिकची जुनी पाटी फुटली म्हणून 26 जानेवारीच्या आदल्या दिवशी स्टीलची परात आणली होती. जुनी पाटी काट्यावरच असायची, तिच्यासकट काटा चालू व्हायचा, शून्य आपोआप यायचा. परात मी रोज धुऊन, पुसून, काटा चालू झाल्यावर वर ठेवते. शून्याचं बटण दाबायचं हे सात आठवडे माझ्या ध्यानातच नाही.

म्हणजे प्रत्येक डब्यामागं साडेतीनशे ग्रॅमचं जास्तीचं दळण. किलोला 6 रुपये धरले तर 2 रुपये 10 पैसे.

मंगळवार

मुलगा म्हणतो, "मम्मी, दोन रुपयाला कोण विचारतंय? उद्यापासून बटण दाब, झालं." दोन रुपये त्यालाही द्यायला मिळत नाहीत हल्ली, सगळं फोनवरून. पण मी हिशेब मांडला. रविवारी गिरणी बंद, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस, सात आठवड्यांचे 42. रोजचे तीसेक डबे. 2,646 रुपये. आकडा कागदावर आल्यावर तो जरा गप्प झाला, आणि हे (माझे यजमान) बोलायला लागले.

"ईस्टरच्या दानात टाक. देवाच्या कामाला लागतील."

ऐकायला किती बरं वाटलं! चर्चमध्ये निवेदनात नाव वाचलं जाईल, फुलांची सजावट आमच्याकडून होईल, आणि मी मोकळी. भाकरी थापताथापता लक्षात आलं, की पैसे मावशींचे आणि सजावट माझ्या नावाची. 'जे तुम्हांला द्यायचं ते देवाला वाहिलं' असं आईबापांना सांगून हात झटकणाऱ्या लोकांना प्रभूनं काय सुनावलं ते बायबलात मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. संडे स्कूलमध्ये मी स्वतः शिकवलाय तो भाग, फलकावर चित्र काढून.

झोप येईना म्हणून मोशेची पुस्तकं काढली. एरवी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, आम्ही शुभवर्तमानं वाचतो, गणनेचं पुस्तक कोण वाचतंय! पण पाचव्या अध्यायात सरळ हिशेब दिलाय: ज्याचं नुकसान केलं त्याला मूळ रक्कम, वर पाचवा हिस्सा. शुभवर्तमानातल्या जक्कयाचा हिशेब वेगळा, तो चौपट देतो. पण जक्कय जकातदारांचा मुख्य, त्यानं लुबाडलेलं होतं. मी लुबाडलं नव्हतं. हे वाक्य मी मनात तीनचारदा म्हटलं. तिसऱ्या वेळी मावशींचा चेहरा आठवला, मग म्हणायचं सोडलं.

गुरुवार

काल आणि आज, दोन दिवस पैसे परत करण्यात गेले. महिन्याचा हिशेब ठेवणारी घरं वहीत आहेत, तिथं सोपं. रोख देणाऱ्यांचं काय करायचं? शेवटी ठरवलं, ईस्टरपर्यंत दर किलोला 5 रुपये. खडूनं फळीवर लिहिलं. कारण लिहावं का, यावर अर्धा तास गेला. लिहिलं तर जाहिरात होते आणि नाही लिहिलं तर लपवाछपवी. 'काटा चुकला होता' एवढे तीन शब्द लिहिले.

वाडीच्या मावशींकडं स्वतः गेले. सोमवारचं बोलणं काढलं, माफी मागितली. त्यांनी पैसे घेतले, चहा टाकला, आणि म्हणाल्या, "अगं, माझा गहू वाढतोय म्हणून मी त्या वाण्यालाच चांगला म्हणत होते की!" मग जक्कयाची गोष्ट विचारली, कारण मी बोलताबोलता नाव घेतलं होतं. बुटका होता, गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला, असं सांगितल्यावर त्या सावरून बसल्या. उंबर म्हटल्यावर कृष्णाकाठच्या माणसाला दुसरं काय आठवणार! "मग बरोबर आहे," म्हणाल्या, "उंबराखाली खोटं चालत नाही." मी वाद घातला नाही. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात उंबरच लिहिलंय.

सतारमेकर चाचांचे रोजे चालू आहेत. यंदा लेंट आणि रमजान जवळजवळ बरोबरच आले. त्यांच्या दुकानात भोपळे टांगलेले, समोर अर्धी सतार, हातात कानस. पैसे हातावर ठेवल्यावर हसले. "वहिनी, आमच्याकडं तर तार रोज उतरते. रोज पिळायची. त्यात लाजायचं काय?"

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, आणि तिथंच घोळ झाला. संध्याकाळी एक गिऱ्हाईक दारात उभं राहून चारजणांत म्हणालं, "ही मिशनची माणसं. यांच्यात खोटेपणा नाही." अंगावर मूठभर मांस चढलं. आमच्या आजेसासऱ्यांना जतच्या एका कोरड्या गावातून बैलगाडीत घालून मिरजेला आणलं होतं. डॉ. विल्यम वानलेसांनी 1894 साली इथं दवाखाना उभा केला, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. ते बरे झाले, तिथंच झाडलोटीला लागले, पुढं कंपाउंडर झाले, बाप्तिस्मा घेतला. सांगलीच्या वाटेवरच्या वानलेसवाडीला आजही त्या डॉक्टरांचं नाव आहे. ती सगळी पुण्याई मी त्या एका वाक्यात स्वतःच्या नावावर जमा करून घेतली. रात्री प्रार्थनेला बसले, तर प्रार्थनेत मी देवाला काय काय केलं त्याची यादी वाचून दाखवत होते. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये म्हणतात. माझ्या डाव्यानं फळीवर लिहून ठेवलं होतं, खडूनं.

माझं माहेर साताऱ्याचं. रेव्हरंड ना. वा. टिळक अखेरच्या वर्षांत तिथं राहिले होते. त्यांची भजनं आजी टाळ घेऊन म्हणायची, आणि कुणी 'वा, काय गळा आहे' म्हणालं की मधेच थांबायची. पुढचं कडवं म्हणायचीच नाही. आम्हांला तेव्हा ते तिचं तिरसटपण वाटायचं.

शनिवार, रात्री

उद्या प्रभुभोजन.

वहीतली सगळी नावं खोडून झाली. एक सोडून. पान 14, अगदी खाली: 'वर'. वर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. नाव लिहायचंसुद्धा मी सोडून दिलंय. वाटण्या झाल्यापासून तीन वर्षं बोलणं नाही. त्यांचं दळण येतं, पण पुतण्याच्या हातून, झाकणावर चिठ्ठी: 'ज्वारी, बारीक'. मीही चिठ्ठीच्या मागं आकडा लिहून पाठवते. एका घरात दोन देशांचं टपाल चालावं तसं.

सात आठवड्यांत त्यांचे पाच डबे. 10 रुपये 50 पैसे. पाचवा हिस्सा 2 रुपये 10 पैसे, म्हणजे बरोब्बर एका डब्याची चूक. एकूण 12.60. तेरा रुपये पुतण्याच्या हातात देऊन मोकळं होता आलं असतं. बाकी एकसष्ट घरी मी स्वतः गेले होते.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं ते वाक्य मला पाठ आहे, म्हणून तर वाचायचं टाळत होते. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी समेट कर. नीट वाचलं तर त्यात माझ्या मनात काय आहे ते विचारलेलंच नाही. माझ्या मनात अक्कांविषयी काय काय आहे त्याची मला पुरती माहिती. तीन वर्षं मी तेच घोळवतेय. त्यांच्या मनात माझ्याविषयी काय आहे, हे मी कधी विचारलंच नाही. प्रत्येक प्रभुभोजनाला आम्ही दोघी एकाच चर्चमध्ये, त्या डावीकडच्या बाकावर, मी उजवीकडच्या. प्याला घेऊन दोघी डोळे मिटतो.

साडेसातला वर गेले. चौदा पायऱ्या. भाऊजी गेल्यावर त्यांना आधार म्हणून ह्यांनी कठड्याला पाइप बसवून दिलाय, तो मी आज पहिल्यांदा हातानं धरला.

अक्का टीव्ही लावून मेथी निवडत होत्या. मला बघून आवाज बारीक केला, बंद नाही केला. मी उभीच. काट्याचं सांगितलं, परातीचं सांगितलं, सात आठवडे, पाच डबे, सगळं धडाधडा. तेरा रुपये स्टुलावर ठेवले, दहाची नोट आणि तीन नाणी. त्यांनी मेथीचे हात पदराला पुसले. नाणी एकेक करून मोजली.

"तेरा कसे झाले?"

पाचव्या हिश्शाचं सांगितलं. गणना, पाचवा अध्याय.

"हं," म्हणाल्या. पुन्हा मेथी हातात घेतली. काड्या एकीकडं, पाला एकीकडं. टीव्हीत कुणीतरी रडत होतं. मला वाटलं झालं, निघावं. तोंडात 'येते हं अक्का' आलंही होतं.

"आणि आईंचं घंगाळ?"

आईंनी आजारपणात अक्कांचा हात धरून सांगितलं होतं, घंगाळ थोरलीला. मी तिथंच होते, पाय चेपत होते त्यांचे. वाटण्यांच्या दिवशी भांडी मोजली तेव्हा ते खाली गिरणीत होतं, म्हणून यादीत आलं नाही. कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

खाली आले तेव्हा मुलगा जेवायचं विचारत होता. गिरणीचा दिवा लावला. घंगाळ काठोकाठ भरलेलं होतं, म्हशीवाला यायला अजून दोन दिवस आहेत. पीठ पोत्यात ओतून घेतलं. तळाशी घट्ट पापुद्रा धरलाय, चिंच लावून घासतेय, अकरा वाजले.

एका कडीपाशी तांबं दिसायला लागलंय.